हप्त्यावरची हाफ लॉरी

मित्रांनो, तुम्ही ज्या गाडीला पिकअप किंवा छोटा टेम्पो म्हणाल, तिला कुवेतमधली आपली माणसं हाफ लॉरी म्हणतात. पुढे तिघांपुरती केबिन आणि मागे उघडा हौदा. मी तशीच एक. माझा रंग पांढरा होता. वाळूच्या वादळांनी तो इतका घासला आहे की आता त्याला काय नाव द्यावं, ते मलाही कळत नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. आठवतो तो जहाजाचा अंधारा तळ आणि मग शुवैख बंदरावरचं डोळे दिपवणारं ऊन. कुवेतमधलं युद्ध तेव्हा नुकतंच संपलं होतं. पडलेल्या भिंती उभ्या राहत होत्या आणि माझ्यासारख्या गाड्यांना मागणी होती. पहिली काही वर्षं मी एका फर्निचरच्या दुकानात राबले. त्या मालकाने नवी गाडी घेतली आणि मला जुन्या गाड्यांच्या बाजारात नेऊन उभं केलं. काचेवर खडूने किंमत लिहिली. येणारे जाणारे टायरला लाथ मारून बघत आणि पुढे जात.

तिथेच १९९९च्या थंडीत मला दोन माणसं भेटली. एक होता तुळशीदास. देवगडजवळच्या एका गावचा सुतार, चाळिशीच्या आसपासचा, बोलायला कमी. दुसरा हमीद, दापोलीकडचा, ड्रायव्हर. दोघं जलीब अल शुयूख या कामगारांच्या वस्तीत एकाच खोलीत राहायचे. त्या खोलीत आणखी चौघंजण होते.

हमीदने बॉनेट उघडून इंजिन ऐकलं. तुळशीदास मात्र मागे जाऊन हौद्यातल्या फळ्यांवरून हात फिरवत राहिला.

"मेस्त्री, इंजिन चांगलंय," हमीद म्हणाला. "तू फळ्याच काय बघतोस?"

"इंजिन तू बघलंस मां? मगे झाला. ह्यो फळये पयले बदलूक व्हये," तुळशीदास म्हणाला.

माझ्याकडे इतक्या आपुलकीने त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

तुळशीदास एका वयस्क कुवेती गृहस्थाच्या सुतारकामाच्या दुकानात कामाला होता. तोच गृहस्थ त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर परदेशी माणसाचा व्हिसा असतो तो मालक. तुळशीदासचा करार एका वर्षाचा असायचा आणि दर वर्षी तो पुन्हा लिहिला जायचा. म्हातारा भला होता. तो म्हणाला, "गाडी तू आण, बाहेरची कामं तू घे, नफ्यात तुझा वाटा." पण गाडीला पैसे हवे होते. ते बँकेकडून घ्यायचे ठरले.

बाजारवाल्याने मला एका दिवसापुरतं चालवून बघायला दिलं होतं. शुक्रवारची सकाळ होती. मी जलीबमध्ये दुकानासमोर उभी होते. बँकेतून एक तरुण मुलगी आली. तिचं नाव समिधा. वडील नाशिकचे, तेल कंपनीत इंजिनीयर. ती मात्र वाढली कुवेतमध्येच. मराठी बोलायची, पण घरात वडिलांशी बोलावी तेवढीच. अरबी आणि इंग्रजी तिला जास्त सोपी. बँकेने तिला त्याच वर्षी नोकरीवर घेतलं होतं आणि आपल्या लोकांच्या वस्त्यांत कर्ज द्यायला पाठवलं होतं.

"काका, ह्या लोनबरोबर इन्शुरन्स आहे," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही आजारी पडलात, ॲक्सिडेंट झाला, काम गेलं, तर हप्ते इन्शुरन्सवाले भरणार. तुम्ही निश्चिंत राहायचं."

"त्याचे पैशे येगळे?"

"हप्त्यातच येतात. थोडेसेच."

"नाय घेतला तर?"

 ती शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "नाही घेतला तर लोन पास व्हायला प्रॉब्लेम येतो, काका. सगळेच घेतात."

तुळशीदासने हमीदकडे पाहिलं. हमीदने खांदे उडवले.

"म्हणजे माका काय झाला तर घरच्यांका त्रास नाय?"

"अजिबात नाही."

तिच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता, मित्रांनो. ती जे म्हणत होती ते तिला खरंच वाटत होतं. माझ्या बॉनेटवर अरबीतले कागद पसरले होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून तिने एक हात त्यांवर ठेवला होता. दुसऱ्या हाताने ती कुठे सही करायची ते दाखवत होती. तुळशीदासने खाली वाकून, जपून, मराठीत सह्या केल्या.

अशी मी हप्त्यावर त्याच्या दारी आले.

पुढची वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं होती. तुळशीदासने माझ्या फळ्या बदलल्या. दारं उभी ठेवून नेता यावीत म्हणून हौद्यात लाकडी चौकट बसवली आणि तिला जुन्या गोधडीचे तुकडे लावले, म्हणजे पॉलिश खरवडणार नाही. आमचं बहुतेक काम खैरानला असायचं. खैरान दक्षिणेला, समुद्राकाठी. तिथे श्रीमंत कुवेती कुटुंबांचे सुट्टीतले बंगले आहेत. खाऱ्या हवेने तिथली दारं फुगतात, बिजागऱ्या गंजतात, आणि दोन उन्हाळ्यांत दार चौकटीत बसेनासं होतं. तुळशीदासची दारं मात्र बसायची. एकाचं काम झालं की शेजारचा बोलवायचा.

एका बंगल्याच्या मालकिणीने नव्या दाराची उघडझाप करून पाहिली आणि नोकराला सांगून माझ्या केबिनमध्ये खजुराची पेटी ठेवायला लावली. परतताना हमीद गाडी चालवत होता, तुळशीदास मांडीवर ती पेटी घेऊन बसला होता.

"आनंदीक धाडूया," तो म्हणाला. "रत्नागिरीचो कोण जाता काय बघ."

आनंदी त्याची बायको. गावातल्या अंगणवाडीत मुलांना शिकवायची. दर आठवड्याला तो केबिनमध्ये बसून हमीदच्या मोबाइलवरून तिला फोन करायचा, कारण खोलीत चौघांसमोर बोलायला त्याला संकोच वाटायचा. आनंदीला फोनवर मोठ्याने बोलायची सवय होती. त्यामुळे तिचा आवाज माझ्या काचांपर्यंत यायचा. मी तिला कधी पाहिलं नाही. पण तो आवाज मी कुठेही ओळखेन.

तिला काचबिंदू होता. आधी तिला कडेचं दिसेनासं झालं, मग दिसणारा भाग आकसत गेला. औषधं चालू होती, पण मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, असलेली जपायची. ती हे हसत सांगायची. अंगणवाडीतली पोरं आता तिला फसवून दुसऱ्याच्या जागी बसतात आणि आवाजावरून पकडली जातात, असं ती सांगायची. तुळशीदास हसायचा. फोन ठेवला की तो बराच वेळ काच खाली करून बाहेर बघत राहायचा.

"औंदा दिवाळेक जातंय," तो हमीदला म्हणायचा. "तिका दिसता हा तवसर."

२००२च्या उन्हाळ्यात खैरानला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर सागवानी दार बसवायचं होतं. पहाड, म्हणजे वर चढून काम करायची परांची, उभारली होती. मी खाली उभी होते. दार वर चढत होतं, तुळशीदास वरून दोरी धरून होता, आणि पहाडीचा एक पाय वाळूत खचला. मला आधी दार पडल्याचा आवाज आला. त्यानंतर माणूस पडल्याचा.

हमीदने त्याला माझ्या हौद्यात त्याच गोधडीच्या तुकड्यांवर झोपवलं. त्या दिवशी मी जितकी सांभाळून आणि जितकी वेगात धावले, तशी पुन्हा कधी धावले नाही. तुळशीदास ओरडला नाही. फक्त प्रत्येक गचक्याला "आई" एवढंच म्हणत होता.

खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली. पाय वाचला, पण जवळजवळ दोन बोटं आखूड झाला. महिनोन्‌महिने काम बंद राहिलं. म्हाताऱ्या कफीलने सुरुवातीला हात दिला, पण त्याचंही दुकान तुळशीदासच्या हातांवर चालत होतं. दुकान बंद पडलं.

बँकेचे हप्ते थकले. हमीद काळजीत पडला, पण खाटेवर पडलेला तुळशीदास शांत होता.

"विमा आसा मां!" तो म्हणायचा. "पोरगेन सांगल्यान हा."

विमा मागितला. काही आठवड्यांनी उत्तर आलं. हमीदने ते एका ओळखीच्या माणसाकडून वाचून घेतलं आणि माझ्या केबिनमध्ये बसून तुळशीदासला सांगितलं. हा विमा फक्त कायम नोकरीवाल्यांना लागू होतो. दर वर्षी नवा करार होणाऱ्या माणसाला तो लागू नाही. सबब काहीही मिळणार नाही.

"मगे इतकी वर्सा पैशे कित्या घेतल्यानी?" तुळशीदासने विचारलं.

हमीदने कागदाची घडी घालून तो खणात ठेवला. 

डिसेंबरमध्ये आनंदीचा फोन आला. आता तिला समोरच्या माणसाचा चेहरा नळीतून बघावा तसा दिसत होता, तोही उजेड असेल तर. तुळशीदासने तेव्हाच गावी जायचं ठरवलं. खुबा मोडल्याचं त्याने तिला कळवलंच नव्हतं. काम कमी झालंय, एवढंच सांगितलं होतं. हमीदने मित्रांकडून तिकिटाची सोय केली. एका दुपारी मी त्याला विमानतळावर सोडलं. कुबडी काखेत, दुसऱ्या हातात बॅग. हमीदने त्याला मिठी मारली. आम्ही परत वळलो.

जलीबला पोचेपर्यंत हमीदचा फोन वाजला. आम्ही पुन्हा विमानतळावर गेलो. तुळशीदास बाहेर कठड्याला टेकून उभा होता, बॅग पायाशी.

"सोडणत नाय," तो म्हणाला. "बँकेन केस घातल्यानी हा. पैशे फिटासर देश सोडूक बंदी."

तो केबिनमध्ये बसला आणि त्याने दार लावलं. किती हळू लावलं, ते मला आठवतं. सुतार होता तो, दार आपटणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"गाडी विकूया, मेस्त्री," हमीद म्हणाला.

"हिचे कितीसे येतले? आणि मगे तू काय करशीत?" तुळशीदास म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "माका त्या पोरगेक भेटूचा हा."

शहरातल्या मिरकाब भागात बँकेची शाखा होती. समिधा आता तिथे टेबलावर बसत होती. मी बाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहिले. आत काय झालं ते मला नंतर हमीदच्या तोंडून कळलं. तिने तुळशीदासला ओळखलंच नाही. त्याने नाव सांगितलं, जलीबचं दुकान सांगितलं. तेव्हा तिची नजर कुबडीवर गेली.

"मी भांडूक नाय इलंय," तो तिला म्हणाला. "तू सांगितलंस ता खरा होता काय, येवढाच इचारूक इलंय."

समिधाने दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तीच बाहेर आली आणि माझ्या केबिनमध्ये त्या दोघांच्या शेजारी बसली. तिच्या हातात काही नव्हतं. ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बोलत होती.

"काका, खरं नव्हतं. मला माहीत नव्हतं. पण बँकेला माहीत होतं. तुमचा एक वर्षाचा करार त्यांनी स्वतःच लोनच्या वेळी मागून घेतला होता. म्हणजे ज्या दिवशी विमा दिला, त्याच दिवशी त्यांना ठाऊक होतं की तो तुम्हाला कधीच मिळणार नाही."

"चूक झाली असेल," हमीद म्हणाला.

"नाही. मी जलीबमध्ये जेवढ्यांना विमा दिला, ते सगळेच एकेका वर्षाच्या करारावरचे आहेत. एकालाही मिळणार नाही." तिने मान वळवून तुळशीदासकडे पाहिलं. "मीच फिरले होते ना घरोघर. मीच म्हणाले होते, निश्चिंत राहा."

 तुळशीदासने केबिनमधली पाण्याची बाटली उचलून तिच्या हातात दिली.

बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं एक सरकारी कार्यालय होतं. तिथे तक्रार करायची असं समिधाने ठरवलं. पण एका माणसाची तक्रार म्हणजे एक चूक. अनेकांची एकसारखी तक्रार म्हणजे बँकेची रीत. म्हणून ती पुन्हा जलीबला आली. शुक्रवारी सकाळी, ज्या खोल्यांतून ती कर्ज देत फिरली होती, त्याच खोल्यांत. मी तिला गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायचे आणि थांबायचे. ती प्रत्येकाला विचारायची, "मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

काहींनी चहा दिला. काहींनी तोंडावर दार लावलं. एक वेल्डर तिच्यावर इतका ओरडला की गल्लीतली माणसं जमली. "तब तो बहुत मीठा बोलती थी, अब क्या लेने आई?" ती मान खाली घालून ऐकत राहिली आणि तो थकल्यावर म्हणाली, "आपका नाम लिखवा दीजिए, भाईसाब. फिर और बोलिए." वेल्डरने नाव दिलं.

तिचे वडील जयप्रकाश एकदा तिला न्यायला आले. त्यांची गाडी माझ्या शेजारी उभी राहिली. काचा खाली होत्या.

"समिधा, आपण इथे पाहुणे आहोत," ते म्हणाले. "पाहुण्याने घरातली भांडणं काढायची नसतात. उद्या तुझी नोकरी जाईल. कुठली बँक पुन्हा उभी करेल तुला?"

"Papa, they signed because of me," ती म्हणाली. मग जणू इंग्रजीत ते पुरेसं खरं वाटेना, म्हणून तिने पुन्हा मराठीत सांगितलं, "माझ्या शब्दावर सही केली त्यांनी, बाबा."

जयप्रकाशांनी गाडी सुरू केली. रागावले होते की घाबरले होते, ते मला कळलं नाही. मला वाटतं, घाबरले होते.

तक्रार दाखल झाली. फेब्रुवारीत बँकेचा एक अधिकारी स्वतः जलीबला आला. बोलायला फार गोड होता. तो म्हणाला, तुळशीदासची केस मागे घेऊ, कर्ज माफ करू, आठवड्याभरात तो घरी जाऊ शकेल. त्याने फक्त एवढंच लिहून द्यायचं की माझी तक्रार नव्हती, समजण्यात चूक झाली होती.

मित्रांनो, त्या संध्याकाळी तुळशीदास कितीतरी वेळ माझ्या केबिनमध्ये एकटा बसून होता. सर्वांत स्पष्ट तक्रार त्याचीच होती. इतरांचे हप्ते अजून चालू होते, विमा मागायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्याने माघार घेतली तर बाकीच्यांच्या तक्रारीत जीव उरत नव्हता.

समिधा आली. तिने सगळं ऐकलं आणि ती म्हणाली, "काका, सही करा. तुम्ही जा. तुमचं घरी जाणं महत्त्वाचं आहे. बाकीच्यांचं मी बघते."

हमीदही तेच म्हणाला. तुळशीदासने हमीदचा फोन घेतला आणि आनंदीला लावला. पाय मोडल्याचं सोडून बाकी सगळं तिला सांगितलं.

 मग आनंदीने विचारलं, "बाकीचे कितीजण आसत?"

"तीसेकजण."

"त्यांचीय घरा आसतली मां? थंयसरय कोणतरी वाट बघित आसतला."

"पण तुझे डोळे..."

"माझे डोळे काय तुमच्यासाठी थांबाचे नाय आणि बँकेसाठीय थांबाचे नाय. पण मी काय खंय पळान जातंय? रवा तुमी. सगळ्यांचा काय ता होवन् जावंदे."

फोन बंद झाला. समिधा दाराशी उभी होती. तिने तोंड फिरवलं आणि ती रडली. तुळशीदासने मात्र डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले नव्हते. तो फक्त फोन दोन्ही हातांत धरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने बँकेच्या माणसाला नकार कळवला.

मार्चमध्ये सुनावणी होती. पण मार्चमध्ये शेजारी इराकमध्ये युद्ध सुरू झालं. कुवेतमध्ये भोंगे वाजू लागले, लोकांनी खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, कार्यालयांची कामं रखडली. सुनावणी पुढे गेली, मग आणखी पुढे.  फोनवर तुळशीदास आता आनंदीला डोळ्यांबद्दल विचारत नसे आणि तीही सांगत नसे. दोघं पावसाळ्यापूर्वीच्या कामांबद्दल आणि अंगणवाडीतल्या पोरांबद्दल बोलायचे.

अखेर जूनमध्ये सुनावणी झाली. समिधाने आदल्या आठवड्यात राजीनामा दिला होता. मी कार्यालयाबाहेर उन्हात उभी होते. शेजारी येऊन जयप्रकाशांची गाडी थांबली. ते आत गेले नाहीत. इंजिन चालू ठेवून थंड हवेत बसताही आलं असतं; पण ते उतरले, भिंतीच्या तुटपुंज्या सावलीत उभे राहिले आणि दाराकडे बघत राहिले.

आत काय झालं ते हमीदने मग केबिनमध्ये पुन्हा पुन्हा सांगितलं. बँकेचा वकील म्हणाला, कागदावर सगळं स्पष्ट लिहिलं होतं. कर्मचारी तोंडी काय बोलली त्याला बँक जबाबदार नाही. तेव्हा समिधा उभी राहिली. ती अरबीत म्हणाली, मी बोलले ते माझं वाक्य नव्हतं, बँकेने प्रशिक्षणात पाठ करून घेतलेलं वाक्य होतं. आणि तिने ते वाक्य म्हणून दाखवलं. आधी अरबीत, मग हिंदीत, मग मराठीत. तिन्ही भाषांत तेच, त्याच क्रमाने. मग मागे बसलेल्या कामगारांकडे वळून तिने विचारलं, "हेच सांगितलं होतं ना?" आणि तो वेल्डर सर्वांत आधी उभा राहिला.

निकाल यायला आणखी काही आठवडे लागले. बँकेने त्या सर्वांना विम्यापोटी घेतलेले पैसे व्याजासकट परत करावेत, असा तो होता. तुळशीदासच्या अपघातानंतरचे थकलेले हप्ते बँकेने सोसायचे आणि प्रवासबंदी उठवायची. कर्जाचं थोडं शेपूट उरलं. ते हमीदने माझ्यावर भाजी आणि सिमेंट वाहून फेडलं.

सुनावणीच्या दिवशी जयप्रकाश बाहेर किती वेळ उभे होते, ते समिधाला मी सांगू शकले नाही. ती बाहेर आली तेव्हा त्यांनी तिच्या खांद्यावरची पर्स काढून आपल्या हातात घेतली आणि गाडीचं दार उघडून धरलं.  तिला पुढे कोणत्याही बँकेने नोकरी दिली नाही. एका शाळेच्या कार्यालयात तिला काम मिळालं, पगार निम्म्याहून कमी. ती कधी रस्त्यात भेटली की माझ्या बॉनेटवर हात ठेवून हमीदशी बोलायची.

तुळशीदास ऑगस्टमध्ये गेला. विमानतळावर या वेळी हमीद तासभर थांबला, विमान वर गेल्याचं दिसेपर्यंत.

चार दिवसांनी फोन आला. हमीद केबिनमध्येच होता.

"कशा हायत वहिनी?" त्याने विचारलं.

"उजवाड तेवढो कळता," तुळशीदास म्हणाला. "चेरो नाय."

हमीदने डोळे मिटून घेतले.

"आयक पण," तुळशीदास म्हणाला. "मी खळ्यात पाय ठेवलंय. ती पडवेत बसलेली. मी एक अक्षर बोलाक नाय. दोन पावला चाललंय, तर ती म्हणता, 'तुमचो पाय कधी मोडलो?'"

तो हसत होता की रडत होता, ते त्या आवाजावरून मला सांगता येत नाही. त्याने सांगितलं की मग ती उठून त्याच्याजवळ आली, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, तुम्ही माझ्यापासून हे लपवलंत, मी तर माझं काही लपवलं नव्हतं. आणि त्याला उभ्या उभ्या सगळं सांगायला लावलं, पहाड खचल्यापासून.

त्यानंतर मी हमीदबरोबर आणखी काही वर्षं काढली. तो परत गेला तेव्हा मला एका माणसाला विकून गेला. त्या माणसाने तेल बदललं नाही, पाणी बघितलं नाही. एक दिवस मी रस्त्यात बसले आणि त्याने मला इथे, गाड्यांच्या भंगारात, आणून टाकलं. माझे टायर गेले आहेत. केबिनच्या काचा कोणीतरी नेल्या. हौद्यातली चौकट अजून आहे, पण गोधडीचे तुकडे उन्हाने विरून गेले.

मित्रांनो, गाडीची काळजी घ्या, वेळच्या वेळी तेलपाणी बघा, असं मी सांगेन, आणि ते खरंही आहे. लोखंड गंजतं, त्याचं मला फार दुःख नाही. मला काही दुसरं सांगायचं आहे. तुम्ही मोठे व्हाल. कोणी दुकानात बसाल, कोणी बँकेत, कोणी दवाखान्यात. तुमच्यावर भरवसा ठेवून कोणी न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करील. तेव्हा त्याला "निश्चिंत राहा" असं सहज म्हणून मोकळे होऊ नका. आधी नीट विचारून घ्या की ते खरं आहे का. आणि म्हणून झालंच असेल, तर कधीतरी त्याच्या गल्लीत परत जा, त्याचं दार वाजवा आणि तो कसा आहे ते बघा. तो ओरडला तर ऐकून घ्या. दार उघडलं तर आत जा.